ज्वारीच्या कण्या : नाव, कृती आणि पोषण

भीमेकाठच्या कोरेगावापासून पूर्वेस शिरूर व दौंड तालुक्यांचा मोठा भाग कमी पावसाचा आहे. या पट्ट्यात रब्बी ज्वारी, म्हणजेच शाळू, पूर्वापार घेतली जाते. चासकमान, घोड व खडकवासला यांच्या कालव्यांचे पाणी जेथे पोचले, तेथे उसाने ज्वारीची जागा घेतली. कोरडवाहू रानात शाळू टिकून आहे. घरात भाकरीही टिकली. परंतु कण्या हा जुना पदार्थ गरिबीचे अन्न म्हणून मागे पडला. हा समज दूर करणे इष्ट आहे.

शब्दाचा अर्थ

‘कण’ या संस्कृत शब्दापासून ‘कणी’ व तिचे अनेकवचन ‘कण्या’ हे शब्द आले. दाणा भरडला असता पीठ, रवा व कण्या असे तीन प्रकार निघतात. त्यांतील सर्वांत जाड भाग म्हणजे कण्या. तांदूळ व मका यांच्याही कण्या होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या कण्या शिजवून खाण्याची जुनी चाल असून त्यांस तेथे ‘ग्रिट्स’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थही जाडा भरडा असाच आहे. जॉर्जिया राज्याने २००२ साली या पदार्थास राज्याचा अधिकृत पदार्थ ठरविले. आपल्या कण्यांस मान देण्यास संकोच कशासाठी?

करण्याची रीत

१. स्वच्छ ज्वारीवर थोडे पाणी शिंपडून ती उखळात हलकेच सडावी व कोंडा पाखडून टाकावा.

२. दाणे वाळवून जात्यावर किंवा गिरणीत जाडसर भरडावे. चाळणीने पीठ निराळे करावे. ते भाकरीस उपयोगी पडते.

३. एक वाटी कण्या धुऊन चार वाट्या उकळत्या पाण्यात घालाव्या व मंद आंचेवर, अधूनमधून ढवळीत, मऊ होईपर्यंत शिजवाव्या.

४. भांडे उतरवून किंचित निवल्यावर ताक, मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा. उकळत्या कण्यांत ताक घातल्यास ते फाटते.

केवळ कण्यांवर भागत नाही

अमेरिकेतील मूळ रहिवासी मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवीत. त्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळू शकते. पुढे ही कृती सुटली आणि दक्षिणेतील जे गरीब लोक मुख्यत्वे मक्यावरच राहत, त्यांच्यात पेलाग्रा रोग पसरला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडणे, जुलाब व बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे होत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या अभ्यासात हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, असे सिद्ध झाले. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांतही हा रोग आढळल्याचे हैदराबाद येथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखविले.

यावरून ज्वारी वाईट ठरत नाही. एकटी ज्वारी अपुरी ठरते. तिच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. यास्तव तीन वाट्या कण्यांस एक वाटी मुगाची किंवा तुरीची डाळ घालून शिजवावी. ताक, शेंगदाणे व पालेभाजी यांची जोड द्यावी. ऊस लावणाऱ्या कुटुंबाने निदान घरापुरता शाळू व बांधाला तूर राखल्यास ही जोड घरच्या घरीच मिळते.

घ्यावयाची काळजी

काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी कण्यांस मुळीच वापरू नये. दाणा फुटल्यावर अंकुरातील तेलास हवा लागते व कण्या खवट होतात. म्हणून आठपंधरा दिवसांपुरत्याच भरडाव्या. साठवणीची ज्वारी दाताखाली कडक फुटेपर्यंत वाळवावी. कण्यांसाठी मालदांडी किंवा घरातील कोणताही चांगला शाळू चालतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळात व शाळेत डाळ घातलेल्या कण्यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. आजीच्या हातची ही रीत सुनेपर्यंत पोचली, तर शेतातील शाळूस घरातच मागणी राहील आणि ताटातील उणीवही भरून निघेल.