ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांचें वाचन

विद्यार्थ्यांनीं कादंबऱ्या वाचाव्या कीं न वाचाव्या हा वाद जुना आहे, व तो येथें पुन्हां उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं. विद्यार्थी कादंबऱ्या वाचतातच. वडील मंडळींनीं मना केल्यास पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचतात. तेव्हां त्या कशा वाचाव्या याचा विचार करणें अधिक उपयोगाचें. या लेखापुरत्या आम्हीं ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळावर रचलेल्या अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबऱ्या घेतल्या आहेत; कारण वाचकाची मति गुंगवून टाकण्याची शक्ति त्यांत फार मोठी आहे, आणि जेथें मति गुंगते तेथेंच इतिहास कोठें संपला व कल्पना कोठें सुरू झाली हें ओळखण्याची गरज पडते.

या जातीच्या कादंबरीचा जोम १९ व्या शतकाच्या मध्यास दिसूं लागला. इंग्लंडांत चार्ल्स किंग्स्ली यानें १८५३ सालीं 'हायपेशिया' लिहिली. तिला उत्तर म्हणून कीं काय, पुढच्याच वर्षीं कार्डिनल वाइजमन यानें 'फॅबिओला' प्रसिद्ध केली. पुढें अमेरिकेंत ल्यू वॉलेस याची 'बेन हर' (१८८०) व पोलंडांत हेन्रिक शेन्कीयेविच याची 'क्वो व्हादिस' (१८९६) या दोन कादंबऱ्या निघाल्या, व त्यांनीं मागच्या सर्वांना झांकून टाकलें. आपल्याकडे बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं, म्हणजे 'फॅबिओला'नंतर अवघ्या तीन वर्षांनीं, बाहेर पडलें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते. परंतु पदमनजींची दृष्टि प्राचीन रोमकडे नसून आपल्या डोळ्यांदेखत चाललेल्या विधवांच्या हालांकडे होती. म्हणून तो ग्रंथ या मालिकेंत बसत नाहीं.

प्रथम 'बेन हर' घेऊं. यहूदा बेन हर या धनाढ्य यहूदी तरुणाच्या हातून घराच्या गच्चीवरील एक कौल निसटतें व तें रोमन सुभेदाराच्या डोक्यावर पडतें. त्याचा बालपणचा रोमन मित्र मेसाला हाच त्याच्यावर खुनाच्या यत्नाचा आरोप ठेवतो. बेन हर वल्ह्यांच्या लढाऊ गलबतावर गुलाम होतो. आई व बहीण अंधारकोठडींत महारोगानें झडत पडतात. सूड हाच त्याच्या जीविताचा आधार होतो. अंत्युखिया येथील रथांची शर्यत, जी वाचतांना पुष्कळांनीं रात्रीचें जेवण विसरल्याचें आम्ही ऐकतों, ती त्या सुडाचाच एक अंक होय. (१९५९ च्या प्रसिद्ध चित्रपटांत ही शर्यत यरुशलेमांत दाखविली आहे, ज्यांनीं चित्रपटच पाहिला आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) परंतु कादंबरीचा खरा पेंच शर्यतीनंतर आहे. येणारा मशीहा रोमचें जूं मोडून टाकील या आशेनें बेन हर गालीलांत गुप्तपणें सैन्य उभें करतो, आणि ज्याच्यासाठीं सैन्य उभें केलें त्याला तें नकोच आहे हें त्याला हळूहळू कळूं लागतें. ही कळ सोसण्याचा भाग वॉलेसनें घाई न करतां लिहिला आहे. रथांच्या धुळींत तो वाचकाच्या नजरेआड होतो, ही खेदाची गोष्ट.

वॉलेस हा स्वतः अमेरिकेच्या यादवी युद्धांतील सेनापति. १८६२ सालच्या शायलोच्या लढाईंत तो उशिरा पोहोंचला असा ठपका त्याच्यावर आला, व तो धुऊन काढण्याचा यत्न तो जन्मभर करीत होता. अन्यायानें कलंकित झालेला नायक त्याला इतका जिवंत कां साधला याचें एक कारण हें असावें, असा आमचा तर्क आहे. कादंबरी लिहितेवेळीं त्यानें पवित्र भूमि पाहिलेलीही नव्हती. नकाशे व ग्रंथ पुढें घेऊन त्यानें यरुशलेमचे रस्ते उभे केले. एक नियम मात्र त्यानें स्वतःस घालून घेतला होता: प्रभु येशूच्या मुखीं शुभवर्तमानांत नाहीं असा एकही शब्द घालावयाचा नाहीं. ज्या अमेरिकन घरांत कादंबरीला मज्जाव होता त्यांतही 'बेन हर'चा शिरकाव झाला, त्यास हा संयम पुष्कळ अंशीं कारण झाला असला पाहिजे.

आतां इतिहासाची कसोटी. नायकाला गलबताच्या वल्ह्यास सांखळीनें जखडलेलें पाहून वाचकाचें हृदय पिळवटतें; परंतु त्या काळच्या रोमन आरमारांतील वल्हेकरी बहुधा स्वतंत्र व पगारी असत. अपराध्यांना शिक्षा म्हणून वल्ह्यास जखडण्याची चाल भूमध्य समुद्रांत पुष्कळ शतकांनंतर पडली. वॉलेसनें ती मागें नेऊन ठेवली, व आज पुष्कळ शिकलेलीं माणसेंही ती रोमन समजतात.

'क्वो व्हादिस'ची योग्यता आम्ही याहून वरची मानतों. कथा नीरो बादशहाच्या वेळची. व्हिनिशियस नांवाचा तरुण रोमन सरदार लिजिया या ओलीस म्हणून रोमांत वाढलेल्या ख्रिस्ती राजकन्येवर मोहित होतो. त्याचें प्रेम आरंभीं प्रेम नव्हेच. आवडलेली वस्तु हिसकावून घ्यावी तशी ती त्याची हांव आहे. तो तिला बळानें पळवून नेण्यास जातो, तिचा बलाढ्य सेवक अर्सस त्याला लोळवितो, आणि ज्यांच्या घरावर तो चालून गेला तींच माणसें त्याच्या जखमा बांधतात. जिला आपण मिळवूं पाहतों तिलाही मन व धर्म आहे, हें त्याला खाटेवर पडल्या पडल्या कळतें. प्रेमकथेच्या नांवानें नाक मुरडणाऱ्या वडील मंडळींनीं हीं प्रकरणें अवश्य वाचावीं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ग्रंथाचा दुसरा एक लाभ आहे, तो असा कीं मूळ आधार शेजारीं ठेवून कादंबरीकाराची कृति आपल्याला पाहतां येते. इ. स. ६४ च्या जुलै महिन्यांत रोमला आग लागली. ती सहा दिवस चालली, विझली असें वाटलें तोंच पुन्हां भडकली. नगरीच्या चौदा विभागांपैकीं चारच सुरक्षित राहिले, तीन जमीनदोस्त झाले. हें सर्व टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथांत आहे. आगीच्या वेळीं टॅसिटस लहान मूल असावा, व त्यानें लिहिलें तें अर्धशतकानंतर. तरी त्याची सावधगिरी पाहण्यासारखी आहे. आग दैवयोगानें लागली कीं बादशहाच्या दुष्टपणानें, याविषयीं दोन्ही मतें प्रचलित आहेत असें सांगून तो तो प्रश्न मोकळा ठेवतो. आग लागली तेव्हां नीरो रोमांत नसून अँटियम येथें होता, हेंही तो नमूद करतो. जळत्या नगरीवर तो गायला ही गोष्ट तो केवळ अफवा म्हणून देतो. शेन्कीयेविचच्या कादंबरींत मात्र संशयाला जागा नाहीं: आग बादशहाच्या लहरीखातर लाविली जाते व तो तिच्यासमोर गातो. हा केवळ लेखकाचा लबाडपणा म्हणतां यावयाचा नाहीं. 'कदाचित् असें, कदाचित् तसें' म्हणून इतिहासाचें पान पुरें होतें. कादंबरीचा प्रवेश तसा पुरा होत नाहीं, त्याला कोणी तरी मशाल हातीं घेतलेली दाखवावी लागते. पुष्कळसे आधुनिक इतिहासकार ती आग अपघातानेंच लागली असावी असें मानतात, हें वाचकानें स्वतः जाणून असावें.

त्याच टॅसिटसनें पुढें एका लहानशा उताऱ्यांत ख्रिस्ती लोकांचा छळ सांगितला आहे. कोणास जनावरांचीं कातडीं पांघरून कुत्र्यांकडून फाडविलें, कोणास क्रुसावर दिलें, कोणास रात्रीं दिव्यांप्रमाणें जाळलें. टॅसिटसला या नव्या पंथाविषयीं मुळींच आदर नव्हता. तो त्यांना दोषीच समजतो. तरीसुद्धां हीं माणसें लोकहितासाठीं नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्यासाठीं मारलीं जात आहेत असें वाटून लोकांना त्यांची कींव आली, हें तो लपवीत नाहीं. प्रतिकूल साक्षीदाराची ही साक्ष आम्हांस शंभर स्तुतिपाठकांहून मोलाची वाटते. या उताऱ्यांतील मानवी मशालींतून शेन्कीयेविचनें आपला सर्वोत्तम प्रसंग निर्माण केला. खिलो नांवाच्या ग्रीक चुगलखोरानें ग्लॉकस या ख्रिस्ती वैद्याचा वारंवार घात केलेला असतो. तो ग्लॉकस खांबावर जळत असतां खिलो खालीं उभा राहून क्षमा मागतो, व ज्वाळांतून क्षमा मिळते. त्या क्षणापर्यंत हंसें आणणारा तो भित्रा माणूस वळतो आणि सर्व लोकांदेखत बादशहाकडे बोट दाखवून खरा आग लावणारा हाच असें ओरडतो. ग्लॉकसही खरा नव्हे, खिलोही खरा नव्हे. टॅसिटसनें जी 'कींव' एका शब्दांत सांगितली ती आपल्याला येथें प्रत्यक्ष जाणवते.

पेट्रोनियस हा मात्र खरा पुरुष. बादशहाच्या दरबारांत सुरुचीचा निर्णय देणारा, दिवसा झोंपणारा, रात्रीं जागणारा हा विलासी गृहस्थ इ. स. ६६ मध्यें मर्जींतून उतरला. त्यानें शिरा कापून घेतल्या, त्या बांधल्या, पुन्हां सोडल्या, आणि मित्रांशीं हलक्याफुलक्या कवितांच्या गोष्टी करीत प्राण सोडला. मरण्यापूर्वीं त्यानें बादशहाच्या दुराचारांची यादी लिहून त्यालाच धाडली, व आपल्या मोहोरेचा कोणाच्या नाशासाठीं उपयोग होऊं नये म्हणून ती मोडून टाकली. कादंबरींत यादीच्या जागीं बादशहाच्या कवितांची टर उडविणारें पत्र आहे, व त्याच्यासवें मरणारी युनीस ही दासी कल्पनेची आहे. ख्रिस्ती लेखकानें या अख्रिस्ती माणसाला मनोहर केलें, त्याच्या शंकांना बळ दिलें व शेवटपर्यंत त्याचें धर्मांतर केलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. ज्या कादंबरींत धर्माबाहेरचा प्रत्येक मनुष्य दुष्ट असतो ती खुशाल अर्ध्यावर मिटावी.

'फॅबिओला'विषयीं थोडकेंच सांगतों. ती उपदेशप्रचुर आहे. परंतु रोमखालील भुयारी कबरस्तानांचें संशोधन दे रोस्सी हा विद्वान त्याच सुमारास करीत होता, व त्याचा ताजा रंग तिच्यांत उतरला आहे. अशा कथांनीं एक समजूत मात्र घट्ट केली, कीं ख्रिस्ती लोक तीनशें वर्षें त्या भुयारांत लपून राहत होते. भुयारें हीं कबरस्तानें होतीं, राहण्याचीं ठिकाणें नव्हत, आणि तीं सरकारास ठाऊक होतीं. छळही अखंड नव्हता. नीरोचा छळ रोमपुरता. साम्राज्यभर हुकूम निघाला तो डेसियसच्या वेळीं, इ. स. २५० च्या सुमारास. सर्वांत मोठा छळ डायोक्लीशननें ३०३ मध्यें आरंभिला. मधल्या काळांत कित्येक प्रांतांत पिढ्यांमागून पिढ्या निर्वेध गेल्या.

लेखक कोण व त्याचा काळ कोणता, हें न पाहतां या कादंबऱ्या वाचूं नयेत. शेन्कीयेविचचा देश त्या वेळीं रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं वांटून घेतलेला होता. लिजिया ज्या जमातीची तिची भूमि पुढें पोलंड झाली. रानबैलाच्या पाठीवर बांधलेल्या लिजियेला अर्सस जेव्हां त्या बैलाची मान मोडून सोडवितो, तेव्हां पोलिश वाचक काय समजले असतील हें सांगावयास नको. किंग्स्लीचा रोख निराळा. अलेक्झांड्रियांतील विदुषी हायपेशिया हिला ४१५ सालीं ख्रिस्ती म्हणविणाऱ्या जमावानें ठार केलें, हें सत्य. तीं पानें कोणाही ख्रिस्ती वाचकानें टाळूं नयेत, कारण सॉक्रेटिस नांवाच्या ख्रिस्ती इतिहासकारानेंच त्या कृत्याचा धिक्कार करून ठेवला आहे. परंतु किंग्स्लीला आपल्या काळच्या रोमन कॅथलिकांशीं भांडावयाचें होतें, व तें भांडण त्यानें पांचव्या शतकांत नेलें. त्याची नायिका पंचविशीची आहे. विद्वानांच्या मतें मृत्युसमयीं खरी हायपेशिया चाळिशी उलटलेली असावी.

हें सर्व परक्या देशाचें वाटत असेल, तर हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) घ्यावी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं कोंढाणा घेतांना देह ठेवला, हा इतिहास. सिंहगड हें नांव मात्र त्याच्या आधींच्या पत्रांतही आढळतें, आणि तरी शेंकडा नव्वद मराठी मुलें तें त्याच रात्रीं पडलें असें शपथेवर सांगतील.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनीं 'क्वो व्हादिस' प्रथम घ्यावी, व आगीच्या प्रकरणाशीं थांबून टॅसिटसचे तीं पांच-सहा पानें वाचावीं. इंग्रजी भाषांतर सहज मिळतें. पेत्र रोम सोडून जात असतां वाटेंत त्याला प्रभूचें दर्शन झालें, या ज्या कथेवरून ग्रंथाचें नांव पडलें ती नव्या करारांत शोधूं नये. ती तेथें नाहीं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रचलेल्या 'पेत्राचीं कृत्यें' या करारबाह्य ग्रंथांत ती आहे. रोमबाहेर अप्पियन रस्त्यावर, जेथें ती भेट झाली असें म्हणतात तेथें, आज एक लहानसें देऊळ उभें आहे.