दोन हजार शेअर विकताना

१. पडद्यावर दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव, आपल्या सौद्याचा अजून ठरायचा असतो. हे कळायला मला ३,४५० रुपये मोजावे लागले. मुलीची फी भरायची होती, म्हणून एका छोट्या कंपनीचे २,००० शेअर काढले. भाव ८४ दिसत होता. मी मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाला विकायची. ८४ ला फक्त ३०० शेअर घेणारे होते. पुढचे ५०० गेले ८३.४० ला, ७०० गेले ८२ ला आणि उरलेले ५०० थेट ८०.५० ला. पडद्यावर आता ८०.५० झळकत होते. कंपनीची कसलीच बातमी नव्हती. भाव माझ्याच ऑर्डरने खाली आणला होता.

२. ही उतरंड आधीच समोर होती, मी ती उघडून पाहिली नव्हती. मार्केट डेप्थमध्ये घेणाऱ्यांच्या पाच आणि विकणाऱ्यांच्या पाच ओळी दिसतात. चांगला भाव देणारा आधी. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. अर्थात ओळीतला माणूस कधीही ऑर्डर मागे घेऊ शकतो.

३. माझ्या या नुकसानीला बाजारात नाव आहे, इम्पॅक्ट कॉस्ट. एखाद्या शेअरला निफ्टी ५० निर्देशांकात यायचे तर १० कोटींच्या व्यवहाराला ती सहा महिन्यांतल्या ९० टक्के नोंदींत अर्ध्या टक्क्याच्या आत लागते. माझे पावणेदोन लाखही नव्हते आणि दोन टक्के गेले.

४. मोठे शेअरही अभेद्य नाहीत. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका दलालाकडून ६५० कोटींहून अधिक रकमेच्या चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के कोसळला. एनएसईवरचे व्यवहार थांबवावे लागले.

५. आता मी लिमिट लावतो, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली विकत नाही, आणि थोडे थोडे विकतो. कधी दोन दिवस घेणारा येत नाही आणि भाव निसटतोही. ही किंमत मला मान्य आहे, कारण ती मी जाणून मोजतो. फीची तारीख उद्यावर आली असेल तर मात्र लिमिटही फारशी कामाला येत नाही. म्हणून सांगावेसे वाटते, तुमच्याकडे कमी उलाढालीचा एखादा शेअर असेल, तर विकायची गरज नसताना एकदा त्याच्या त्या पाच ओळी उघडून बघा.