कर्जबाजारी शेजारी आणि आपले कर्तव्य

मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या नोंदींत बीड जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे. कारणे विचारली की दुष्काळ, नापिकी आणि कर्ज यांचा उल्लेख होतो. ती कारणे खरीच आहेत. परंतु मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ साली विदर्भातील आत्महत्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात कर्जासोबत घसरलेली सामाजिक पत आणि मुली-बहिणींच्या विवाहाचा भार यांचीही नोंद आहे. एकच एक कारण क्वचितच असते. अनेक ओझी एकत्र येतात.

माणूस आपली प्रतिष्ठा आपल्या गल्लीत मोजतो. सावकाराचे देणे किंवा ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही, की लोक काय म्हणतील ही भीती त्याला घरात कोंडते. शेजारच्या लग्नातील थाटमाट पाहून तोही ऐपतीबाहेर खर्च करतो आणि कर्जात आणखी रुततो.

दिव्य कुरआनने स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली आहे (४:२९) आणि त्याच ठिकाणी अल्लाहच्या दयेचे स्मरणही दिले आहे. ही मनाई ऐकवून आपले कर्तव्य संपत नाही. जवळच्या व परक्या शेजाऱ्याशी सद्वर्तन (४:३६), कोणाचीही थट्टा न करणे (४९:११), अडचणीतील ऋणकोला सवलत देणे आणि जमल्यास कर्ज माफ करणे (२:२८०), हे आदेश आपल्यासाठीच आहेत. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे (९:६०). शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला इशारा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्याने तीन गोष्टी कराव्यात. विवाह साधेपणाने व्हावेत आणि त्याची सुरुवात सधन घरांनी करावी. मदत गुप्तपणे पोहोचावी, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही. नमाजला येईनासा झालेला, बोलेनासा झालेला माणूस दिसला, तर त्याच्या घरी जाऊन शांतपणे त्याचे ऐकावे. त्याच्या मनात जीव देण्याचा विचार आहे काय, हे आपुलकीने विचारण्यास भिऊ नये. तसे असेल तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. उपचार घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

ज्या घरात अशी दुर्घटना घडली, त्या घराला टोमणे मारू नयेत. निवाडा अल्लाहचा आहे. त्या अनाथ मुलांच्या डोक्यावर हात ठेवणे हे आपले काम आहे.