शहराचे सांडपाणी व आपली वैनगंगा

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, असा आपला पूर्वापार समज आहे. नदीकाठी वस्ती विरळ होती तोवर तो बहुतांशी खराही होता. आता मात्र तसे राहिलेले नाही. नाग नदी नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानेस मिळते, कन्हान आंभोरा येथे वैनगंगेस मिळते, आणि ते सर्व पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. हे जलाशय आम्हां आसगाव-पवनीकडील धानकऱ्यांच्या उशाशीच आहे. म्हणून शहराने आपले सांडपाणी शुद्ध करावे की न करावे, हा प्रश्न आपल्या बांधीपर्यंत येऊन पोचतो.

प्रथम नदीची हानी कशी होते ते पाहू. सांडपाण्यात शंभरात नव्याण्णव भागांहून अधिक नुसते पाणीच असते. उरलेल्या अल्पांशात मलमूत्र, अन्नकण, साबण इत्यादी असतात. ही घाण सूक्ष्म जंतू खातात व खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. उन्हाळ्यात एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो सुमारे ७ ते ८ मिलिग्रॅम. उलट एक लिटर कच्च्या सांडपाण्यातील घाण कुजण्यास सुमारे २०० मिलिग्रॅम लागतो. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसुलाच्या जमाखर्चात गेले. जमेच्या पंचवीसपट खर्च असलेले खाते बुडाल्यावाचून राहत नाही, हे त्यास सांगावे लागत नाही. खाते बुडाले म्हणजे मासे गुदमरतात, पाणी काळे पडते व दुर्गंधी सुटते.

वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. एका बाटलीत विहिरीचे व दुसरीत गावाच्या नालीचे पाणी काठोकाठ भरून बुचे घट्ट लावावी व चार दिवस अंधारात ठेवावी. नंतर बुचे उघडून वास घ्यावा म्हणजे फरक कळेल.

शुद्धीकरण केंद्रात हाच खर्च नदीऐवजी शहर सोसते. प्रथम जाळ्यांतून चिंध्या व काड्या अडवितात. मग रेती तळाशी बसू देतात. नंतर पाणी मोठ्या टाक्यांत घेऊन त्यात यंत्राने हवा फुंकतात. भरपूर हवा मिळाल्याने जंतू घाण झपाट्याने खातात. पुढे पाणी स्थिर ठेवले की ते जंतू गाळाच्या रूपाने खाली बसतात. थोडा गाळ विरजणासारखा पुढील पाण्यासाठी राखतात आणि वरचे निवळ पाणी क्लोरिन देऊन सोडतात. ही रीत १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे प्रसिद्ध झाली.

नागपुरात भांडेवाडी येथे दररोज २० कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभारले असून त्यातील मोठा भाग वीजकेंद्रांस देण्याची योजना आहे. यामुळे घाणही अडते व धरणाचे तितके गोडे पाणीही वाचते. तथापि तेवढ्याने काम भागले नाही. म्हणूनच २०२१ साली केंद्र सरकारने नाग नदीसाठी २ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली.

कोणी शेतकरी म्हणेल, "घाण पाणी म्हणजे फुकटचे खतच की!" त्यात नत्र असते हे खरे. परंतु खत आपण मोजून व वेळेवर देतो. हे पाणी मोजमाप जाणत नाही. निसवणीच्या सुमारास नत्र अति झाले की धान माजते, लोळते, करपा व तुडतुडे वाढतात आणि लोंब्या पोचट राहतात. शिवाय कच्च्या सांडपाण्यात पटकी व विषमज्वराचे जंतू आणि कृमींची अंडी असतात. रोवणीला आपल्या बायाबापड्या दिवसभर अनवाणी चिखलात उभ्या असतात, हे विसरून चालणार नाही. शुद्धीकरणानंतरही पाण्यात काही नत्र व स्फुरद उरतोच. साचल्या पाण्यात जलपर्णी माजण्याचे ते एक कारण आहे.

तेव्हा आपले कर्तव्य दुहेरी आहे. कालव्याच्या पाण्याची तपासणी व्हावी व तिचा निकाल गावात वाचला जावा, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. आणि आपल्या गावाची नाली थेट नाल्यात न सोडता ती शोषखड्ड्यात जिरवावी. मात्र खड्डा पिण्याच्या विहिरीपासून दूर असावा. वरच्या गावाने आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसेच आपण खालच्या गावाशी वागले पाहिजे.