टायरवरची पांढरी अक्षरं

प्रश्न : गाडीच्या टायरवरची उठावदार अक्षरं मी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. थोड्याच दिवसांत रंगाला तडे गेले, उरलेला पिवळट पडला. माझं काय चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऑइलपेंट वाळला की कडक होतो. टायरची बाजू मात्र चाकाच्या प्रत्येक फेरीत जमिनीलगत दबते आणि पुन्हा ताणली जाते. तिथे कडक थर टिकणारच नाही. पिवळेपणाचं मूळ रबरातच आहे. ओझोनमुळे चिरा पडू नयेत म्हणून रबरात मेण आणि इतर रसायनं घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रंगावर तपकिरी छटा चढते. त्यामुळे कायम पांढराशुभ्र राहण्याची हमी कुणी दिली, तर विश्वास ठेवू नका. कारखान्यातूनच पांढरी अक्षरं घेऊन येणाऱ्या टायरमध्ये पांढऱ्या रबराचा थर असतो, रंग नव्हे.

हौस असेल तर जरूर करा, पण टायरसाठीचाच लवचीक पेंट मार्कर घ्या. आधी साबणाच्या पाण्याने, ब्रशने अक्षरांच्या कडा घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. टायर पॉलिशचा सिलिकॉन राहिला तर रंग सोलून निघतो. पेट्रोल वापरू नका, रबर फुगतं. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे मात्र रंगाने बुजवू नका. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा, टायरची जन्मतारीखच. बाजूला चिरा दिसत असतील तर रंगवणं राहू द्या, आधी टायर बदला.