चालत्या मांडणीत डिस्क बदलणे

जुने दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्ते, घरोघरच्या मोडी कागदांची छायाचित्रे हा मजकूर आता कपाटाइतकाच संगणकातही राहू लागला आहे. इंदूरसारख्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने झाली. तेथे असे जपण्याजोगे कागद किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. हा मजकूर साठवताना बहुतेक ठिकाणी चार-पाच डिस्क एकत्र बांधून एक मोठी डिस्क असल्याचा भास निर्माण करतात. हे काम लिनक्स प्रणालीत एमडीएडीएम नावाची आज्ञावली करते. काही वर्षांनी जागा संपते. तेव्हा मजकूर न गमावता मोठ्या डिस्क कशा बसवायच्या, हा या पाठाचा विषय आहे.

आधी एका शब्दाविषयी. या पद्धतीला रेड म्हणतात. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांच्या शोधनिबंधातून हे नाव रूढ झाले. त्यातले पहिले अक्षर 'रिडंडंट' या शब्दाचे. शब्दकोशात त्याला 'अनावश्यक' असा प्रतिशब्द मिळतो आणि तो येथे साफ दिशाभूल करतो. येथे अर्थ आहे 'वेळेला उपयोगी पडावे म्हणून मुद्दाम ठेवलेले जास्तीचे'. घरातल्या साठवणीच्या धान्याला कोणी अनावश्यक म्हणत नाही. मी 'राखीव' हा शब्द वापरतो.

ही राखीव माहिती कशी काम करते हे शिक्षकांना गुणपत्रकावरून सहज सांगता येईल. तीन विषयांचे गुण ४२, ३५ आणि ५१, एकूण १२८. मधला आकडा पुसला गेला तरी बेरजेतून तो ३५ असल्याचे कळते. पण दोन आकडे पुसले गेले तर बेरीज काहीच सांगू शकत नाही. रेड ५ प्रकारात हेच घडते. बेरजेऐवजी सम-विषमतेची नोंद असते, तिला पॅरिटी म्हणतात, आणि ती सर्व डिस्कवर वाटून ठेवलेली असते. चार डिस्कपैकी एका डिस्कइतकी जागा तिच्यासाठी जाते. म्हणजे २ टेराबाइटच्या चार डिस्कमधून ६ टेराबाइट मिळतात. ८ टेराबाइटच्या चार बसवल्या तर २४.

डिस्क एकेक करून बदलायच्या. जुनी काढली, नवी घातली की उरलेल्या तिघींच्या आधारे तिच्यावरचा मजकूर पुन्हा भरला जातो. हे ऐकायला सोपे आहे, पण त्या काळात मांडणी लंगडी असते: राखीव काहीच उरलेले नसते. तेवढ्यात दुसऱ्या डिस्कवरचा एखादा कोपरा वाचता आला नाही, तर तेथला मजकूर गेला. घरगुती वापराच्या अनेक डिस्कचे उत्पादक १२.५ टेराबाइट वाचनात फार तर एक न वाचता येणारी जागा, असे प्रमाण देतात. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा चांगल्या वागतात, तरी त्या भरवशावर राहू नये.

म्हणून डिस्कला हात लावण्याआधी तीन कामे करावीत. पहिले, सगळ्या मजकुराची वेगळी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि त्या प्रतीतील दहा-वीस फायली उघडून पाहाव्यात. दुसरे, प्रत्येक फायलीची चेकसमची यादी करून ठेवावी. ती पुढे लागेल. तिसरे, मांडणीची पूर्ण तपासणी चालवावी. त्यात प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत वाचली जाते आणि खराब जागा पॅरिटी शाबूत असतानाच दुरुस्त होतात. हे तिसरे काम बहुतेक जण टाळतात, कारण त्यात तास जातात. माझ्या मते सर्वांत मोलाचे तेच.

मग डिस्कचे अनुक्रमांक पाहून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवावी. संगणकाने दिलेली नावे पुन्हा सुरू करताना बदलू शकतात, छापील अनुक्रमांक बदलत नाही. मांडणी लंगडी असताना चुकून निरोगी डिस्क ओढली तर सगळी मांडणी बंद पडते.

पेटीत एखादी जागा रिकामी असेल तर लंगडे होण्याची गरजच नाही. नवी डिस्क तेथे जोडावी आणि एमडीएडीएमला 'रिप्लेस' सांगावे. जुनी डिस्क काम करत असतानाच तिची नक्कल नवीवर उतरते आणि मगच जुनी बाजूला होते. सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने २ टेराबाइटला पावणेचार तास लागतात. भरणी पूर्ण झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय पुढच्या डिस्कला हात लावू नये. संध्याकाळी घरी जायची घाई असेल तर दुसरी डिस्क उद्यावर टाकावी.

चारही बदलल्या तरी जागा अजून ६ टेराबाइटच दिसते, आणि नवखा माणूस येथे घाबरतो. आता मांडणीला मोठी होण्याची आज्ञा द्यायची. तत्पूर्वी लेखन-नोंदीचा बिटमॅप असेल तर तो तात्पुरता काढावा लागू शकतो. वाढलेल्या भागाची पॅरिटी तयार व्हायला आणखी अकरा तास लागतील. मांडणी जुन्या ०.९० प्रकारच्या नोंदींवर बांधलेली असेल तर ती प्रत्येक डिस्कचे २ टेराबाइट, नव्या कर्नेलवर ४ टेराबाइट, एवढेच वापरते. हे खरेदीआधीच तपासावे. शेवटी फाइल प्रणाली वाढवावी आणि चेकसमची यादी पुन्हा ताडून पाहावी.

काढलेल्या चार जुन्या डिस्क म्हणजे जुनी प्रत, असे समजू नये. त्या वेगवेगळ्या वेळी निघालेल्या असतात. मधल्या काळात काही लिहिले गेले असेल तर त्यांचा आपसांत मेळ बसत नाही. तसेच पॅरिटी डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, आगीपासून नाही. इंदूरचा राजवाडा १९८४ साली जळाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत ५ जानेवारी २००४ रोजी मोडतोड झाली. अशा वेळी एकाच पेटीतल्या चारही डिस्क एकदम जातात. नव्या २४ टेराबाइटची दुसरी प्रत कोठे राहणार आणि तिचा खर्च कोण करणार, हे ठरल्यावरच डिस्कची मागणी नोंदवावी.