सीमाभागातील पदवीधर आणि स्पर्धा परीक्षा

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी किंवा कमलनगर तालुक्यात आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद परिसरात मराठी माध्यमातून शिकलेला तरुण पदवी हाती घेतो, तेव्हा त्याच्या घरच्यांची एकच अपेक्षा असते. मुलाला किंवा मुलीला सरकारी नोकरी लागावी, ही ती अपेक्षा होय. परंतु कोणत्या सरकारची, हा प्रश्न सोलापूरच्या किंवा म्हैसूरच्या पदवीधराला सहसा पडत नाही. सीमाभागातील पदवीधराला तो पहिल्याच दिवशी पडतो. या प्रश्नाचे उत्तर वेळीच न शोधल्यामुळे अनेक बुद्धिमान विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे वाया जातात. म्हणून अभ्यासाच्या पद्धतीचा विचार करण्यापूर्वी या निवडीचा विचार करणे अगत्याचे आहे.

या भागाला बहुभाषिकतेची परंपरा आहे. निजामाच्या राजवटीत घरी मराठी वा कन्नड, बाजारात दोन्ही आणि कचेरीत उर्दू, असा येथील व्यवहार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, नारायणखेड व जहीराबादकडील भाग आंध्र प्रदेशात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. भाषांची ही सरमिसळ आजच्या उमेदवाराला ओझे वाटते. योग्य नियोजन केल्यास तेच त्याचे भांडवल ठरू शकते.

तीन दारे, तीन अटी

सीमाभागातील पदवीधरापुढे मुख्यतः तीन दारे आहेत. प्रत्येक दाराची भाषेची अट वेगळी आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

पहिले दार केंद्र शासनाचे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशी रचना करण्यात आली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. आजही मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते व मुलाखतही मराठीतून देता येते. मात्र पूर्व परीक्षेचे प्रश्न केवळ हिंदी व इंग्रजीत छापले जातात आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या ३०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत किमान २५ टक्के गुण मिळवावेच लागतात. म्हणजे उत्तरे मराठीत लिहायची असली, तरी प्रश्न इंग्रजीत अचूक वाचता आले पाहिजेत.

बँकांच्या बाबतीत बहुभाषिकतेचा लाभ अधिक प्रत्यक्ष आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक पदांची परीक्षा इंग्रजी व हिंदीबरोबरच तेरा प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२१ मध्ये घेतला. या भाषांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. या परीक्षेसाठी एकाच राज्यातून अर्ज करता येतो आणि त्या राज्याच्या राजभाषेचे ज्ञान आवश्यक असते. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणाऱ्या बीदरच्या उमेदवाराला यापैकी कोणते राज्य निवडावे हे जागांची संख्या पाहून ठरविता येते. ही सवलत पुण्याच्या किंवा मंड्याच्या उमेदवाराला क्वचितच असते.

दुसरे दार कर्नाटक शासनाचे. संविधानाच्या ९८ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे अंतर्भूत झाला आणि त्यानुसार २०१३ मध्ये काढण्यात आलेल्या आदेशान्वये तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटक, म्हणजे २०१९ पासूनच्या कल्याण कर्नाटक विभागातील स्थानिक उमेदवारांसाठी विभागातील शासकीय पदे राखीव झाली. गट अ (कनिष्ठ श्रेणी) व गट ब मध्ये ७५ टक्के, गट क मध्ये ८० टक्के व गट ड मध्ये ८५ टक्के असे हे प्रमाण आहे. राज्यस्तरीय कार्यालयांतही ८ टक्के पदे या विभागासाठी आहेत. मराठी मातृभाषा असलेला स्थानिक उमेदवार या लाभास तितकाच पात्र आहे. अट आहे ती कन्नडची. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिका कन्नड व इंग्रजीत असतात आणि कन्नड भाषेची परीक्षा अनिवार्यपणे उत्तीर्ण व्हावी लागते. कन्नड बोलता येते, एवढ्यावर विसंबून राहणारे उमेदवार या लेखी परीक्षेत अडखळतात. बोलीची कन्नड आणि शासकीय पत्रव्यवहाराची कन्नड यांत मोठे अंतर आहे. ते वर्षभराच्या नियमित लेखनाने भरून काढता येते. परीक्षेच्या आदल्या महिन्यात येत नाही.

तिसरे दार महाराष्ट्र शासनाचे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांत १५ वर्षांचे वास्तव्य असलेले मराठीभाषक उमेदवार महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी अर्ज करू शकतात. त्यासाठी जाहिरातीत नमूद केलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याचा विहित नमुन्यातील दाखला जोडावा लागतो. आपले गाव या यादीत आहे किंवा कसे, याची खात्री उमेदवाराने अभ्यासाला बसण्यापूर्वीच करून घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले असून लेखी परीक्षा १७५० व मुलाखत २७५, अशी गुणांची रचना केंद्रीय परीक्षेप्रमाणेच आहे. त्यामुळे या दोन परीक्षांचा अभ्यास बऱ्याच अंशी एकत्र करता येतो.

निवड कशी करावी?

तिन्ही दारांवर एकाच वेळी थाप मारण्याचा मोह होतो. परिणाम ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असाच होतो. एक मुख्य परीक्षा व तिला पूरक अशी एक परीक्षा निवडावी. ज्याचे मराठी लेखन समर्थ आहे व इंग्रजी वाचन बरे आहे, त्याने केंद्रीय व महाराष्ट्राची परीक्षा ही जोडी घ्यावी. ज्याने शाळेपासून कन्नड गांभीर्याने शिकली आहे, त्याने कर्नाटकाची परीक्षा मुख्य मानून बँकेची परीक्षा पूरक म्हणून घ्यावी. घरची परिस्थिती पाहता दोन वर्षांपेक्षा अधिक थांबणे शक्य नसेल, तर पूरक परीक्षेलाच मुख्य मानण्यात कमीपणा नाही.

वयाचा हिशेबही मांडावा. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेस सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला ३२ वर्षांच्या वयापर्यंत सहा वेळा बसता येते. पूर्व परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेला बसले, तरी एक संधी खर्ची पडते. ‘बसून तर पाहू’ या भावनेने दिलेली पहिली परीक्षा म्हणूनच महाग पडते.

अभ्यासाची आखणी

अभ्यासक्रमाची प्रत हाताने लिहून काढावी व समोर लावावी. त्यानंतर मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रत्येक प्रश्न अभ्यासक्रमातील कोणत्या मुद्द्याखाली येतो, हे त्या प्रतीवर नोंदवावे. कोणता मुद्दा वारंवार विचारला जातो, हे पंधरा दिवसांत स्पष्ट होते. त्यापूर्वी ग्रंथखरेदी करू नये.

पहिले तीन महिने सहावी ते बारावीच्या इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांच्या शालेय पुस्तकांना द्यावेत. पुढील पाच महिने प्रत्येक विषयाचा एकच प्रमाण ग्रंथ वाचावा व त्याची टिपणे काढावीत. टिपण मूळ मजकुराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठे होऊ देऊ नये. उरलेला काळ उजळणी व उत्तरलेखन यांसाठी राखून ठेवावा. रोज एक मराठी व एक इंग्रजी वृत्तपत्र वाचावे. कर्नाटकाची परीक्षा देणाऱ्याने कन्नड वृत्तपत्रातील एक अग्रलेख उतरवून काढावा. मराठी, कन्नड व इंग्रजी पारिभाषिक शब्दांची तीन रकान्यांची वही ठेवल्यास सहा महिन्यांत एक उपयुक्त कोशच तयार होतो.

या वहीचे महत्त्व एका अलीकडच्या उदाहरणावरून पटेल. कर्नाटक लोकसेवा आयोगाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी घेतलेल्या पूर्व परीक्षेतील कन्नड भाषांतरात चुका आढळल्यामुळे ती परीक्षा २९ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा घ्यावी लागली. प्रश्न दोन्ही भाषांत वाचून अर्थ ताडून पाहण्याची सवय उमेदवाराला अशा वेळी उपयोगी पडते.

गुणांचे गणित

केंद्रीय पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न असतात. बरोबर उत्तरास २ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास त्याच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. समजा, बारा प्रश्नांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिली. चार पर्यायांमुळे सरासरीने तीन बरोबर येतील व ६ गुण मिळतील. नऊ चुकतील व ६ गुण जातील. पदरात काहीच पडणार नाही. मात्र प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर सरासरीने चार उत्तरे बरोबर येऊन ८ गुण मिळतील व आठ चुकून सुमारे ५.३ गुण जातील. म्हणजे पावणेतीनच्या जवळपास गुण शिल्लक राहतील. एकही पर्याय बाद करता येत नसेल तो प्रश्न सोडावा आणि एक तरी बाद करता येत असेल तो सोडवावा, हा नियम सरावाच्या वेळीच अंगवळणी पाडावा.

उत्तरलेखनाचा एक नमुना

‘विभागीय असमतोल दूर करण्यासाठी संविधानातील विशेष तरतुदी कितपत उपयुक्त ठरल्या?’ असा प्रश्न मुख्य परीक्षेत आला, असे मानू. सामान्य उमेदवार अनुच्छेदांची यादी देईल. बीदरच्या उमेदवाराला याहून चांगले उत्तर लिहिता येते. एकेकाळच्या हैदराबाद राज्याच्या तिन्ही भागांसाठी संविधानात निरनिराळ्या वेळी विशेष तरतुदी झाल्या. मराठवाडा ज्यात येतो त्या अनुच्छेद ३७१(२) चा मार्ग विकास मंडळांचा; ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली व त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. तेलंगण ज्यात येत होते त्या आंध्र प्रदेशासाठी १९७३ च्या ३२ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१-डी चा मार्ग स्थानिक संवर्गांचा. अनुच्छेद ३७१-जे मध्ये विकास मंडळ व स्थानिक आरक्षण हे दोन्ही आहेत.

उत्तराची मांडणी पुढीलप्रमाणे करावी. प्रथम दोन वाक्यांत असमतोलाचे ऐतिहासिक कारण सांगावे. त्यानंतर या तीन मार्गांची तुलना करावी. महाराष्ट्रातील दांडेकर समितीचा १९८४ चा व कर्नाटकातील नंजुंडप्पा समितीचा २००२ चा अहवाल यांचा आधार द्यावा. पदे राखीव झाली तरी ती वेळेवर भरली गेली पाहिजेत, ही मर्यादा नोंदवावी आणि शेवटी एका वाक्यात आपला निष्कर्ष द्यावा. आपल्या परिसराचे असे अभ्यासपूर्ण ज्ञान उत्तराला वजन देते.

कागदपत्रे

लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही दाखल्याअभावी मागे पडणे, यासारखे दुर्दैव नाही. अनुच्छेद ३७१-जे खालील पात्रता प्रमाणपत्र उपविभागाच्या सहायक आयुक्तांकडून मिळते. ते जाहिरात निघण्यापूर्वीच काढून ठेवावे. इतर मागास वर्गाच्या केंद्राच्या व राज्यांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, आणि केंद्रीय परीक्षेसाठी प्रमाणपत्र केंद्राच्याच नमुन्यात लागते. शाळेच्या दाखल्यावरील, पदवीवरील व आधार पत्रावरील नाव एकच आहे ना, हेही पाहावे. मराठी, कन्नड व उर्दू उच्चारांमुळे सीमाभागात एकाच नावाची इंग्रजी स्पेलिंगे निरनिराळी झालेली असतात व दुरुस्तीला काही महिने लागू शकतात.

मुलाखत

२०२५ गुणांपैकी २७५, म्हणजे सुमारे साडेतेरा टक्के गुण मुलाखतीचे असतात. जागांच्या सुमारे दुप्पट उमेदवार मुलाखतीस बोलावले जातात, त्यामुळे येथील थोडे गुणही निर्णायक ठरतात. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, असे समजून तयारी करावी. बीदरच्या उमेदवाराला १४७२ मध्ये उभारलेल्या महमूद गवानच्या मदरशाविषयी, बसवकल्याणच्या अनुभव मंटपाविषयी, जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून किल्ल्यातील मातीने काळी केल्या जाणाऱ्या बिदरी कामाविषयी विचारले जाणे स्वाभाविक आहे. केवळ माहिती सांगून थांबू नये. आपण जिल्हाधिकारी झालात तर बिदरी कारागिराला बाजारपेठ कशी मिळवून द्याल, असा पुढचा प्रश्न येऊ शकतो.

सीमाप्रश्नावरही विचारणा होऊ शकते. अशा वेळी भावनेच्या आहारी जाऊ नये व प्रश्न टाळूही नये. १९५६ ची पुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला व १९६७ मध्ये अहवाल दिलेला महाजन आयोग आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा क्रम तटस्थपणे सांगावा. त्यानंतर, निर्णय न्यायालयाचा असला तरी शाळा, दाखले व आरोग्य या सेवा नागरिकाला त्याच्या भाषेत व सन्मानाने मिळाव्यात ही प्रशासकाची रोजची जबाबदारी आहे, असे नम्रपणे मांडावे. ज्याने दोन भाषांच्या लोकांत राहून दोघांची बाजू ऐकली आहे, त्याच्या तोंडी हे उत्तर शोभून दिसते. मुलाखतीच्या सरावासाठी आठवड्यातून एकदा चार-पाच मित्रांनी एकत्र बसावे व परस्परांना प्रश्न विचारावेत.

उमेदवारांच्या मानाने जागा थोड्या असतात, हे सत्य पालकांनीही ध्यानी घ्यावे. किती वर्षे प्रयत्न करावयाचा, याची मर्यादा घरात बसून प्रारंभीच ठरवावी व ती पाळावी. मुलीला मात्र एकच वर्ष आणि मुलाला चार, असा भेद करू नये. तीन भाषा वाचणारा, त्यात विचार करणारा व लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा पदवीधर बँकेत, शाळेत, सहकारी संस्थेत वा स्वतःच्या व्यवसायातही मागे राहत नाही. दार कोणते हे आधी ठरवावे, त्याची भाषा लिहिण्याइतकी आत्मसात करावी आणि दाखले हाताशी ठेवावेत. या तीन गोष्टींचा प्रारंभ पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच व्हावयास हवा.